पहिल्या पूर्ण मॅरेथॉननंतरचे चार आठवडे : थकवा उतरवण्याची पद्धत

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होते आणि पहिल्यांदा पूर्ण ४२.१९५ किलोमीटर धावणारे अनेक जण तिच्यासाठी पावसाळ्यापासूनच तयारीला लागतात. कोणत्या आठवड्यात किती अंतर धावायचे, शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत सराव कसा कमी करत आणायचा, शर्यतीच्या पहाटे काय खायचे, हे सारे त्यांनी लिहून ठेवलेले असते. सोमवारपासून काय करायचे, हे मात्र बहुतेकांच्या वहीत नसते. मग कोणी पाय मोकळे झाल्यासारखे वाटले म्हणून चौथ्याच दिवशी दहा किलोमीटर धावून येतो, कोणी पंधरा दिवसांत दुसऱ्या शर्यतीत उतरतो, आणि फेब्रुवारी संपता संपता नडगी, गुडघा किंवा टाच दुखावून घरी बसतो. हा लेख अशा नवख्या धावपटूंसाठी आहे. अर्धमॅरेथॉन किंवा २०० किलोमीटरची सायकलफेरी केलेल्यांनाही यातला बराचसा भाग लागू पडेल. त्यांनी मुदती थोड्या कमी धरल्या तरी चालतील.

पुढच्या सगळ्या सूचना एकाच गोष्टीवर उभ्या आहेत. दुखणे थांबणे आणि शरीर सावरणे या दोन वेगळ्या घटना असून त्यांच्यात अनेकदा दोन-तीन आठवड्यांचे अंतर असते. दुखणे गेले की आपण बरे झालो असे मानणे, ही नवख्यांकडून होणारी सर्वांत महागडी चूक आहे.

थकवा कशाकशाचा असतो

मॅरेथॉननंतरचा थकवा एका प्रकारचा नसतो, म्हणून त्याच्यावर एकच उपायही नसतो. सर्वांत लवकर भरून निघते ती पाण्याची आणि क्षारांची तूट. नीट खाल्ले-प्यायले तर त्याला साधारण एक दिवस पुरतो. दुसरी तूट साठवलेल्या साखरेची, म्हणजे ग्लायकोजेनची. प्रौढ माणसाच्या स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम आणि यकृतात सुमारे १०० ग्रॅम ग्लायकोजेन असते आणि मॅरेथॉनच्या शेवटच्या दहा किलोमीटरांत त्यातले फारच थोडे उरते. एरवी भरपूर पिष्टमय आहार घेतल्यास हा साठा एका दिवसात बराचसा भरतो, परंतु धावून इजा झालेले स्नायू साखर साठवण्याचे काम सावकाश करतात, त्यामुळे मॅरेथॉननंतर त्याला दोन-तीन दिवस किंवा त्याहून अधिक काळ लागू शकतो.

तिसरी आणि खरी दमवणारी गोष्ट म्हणजे स्नायूतंतूंना झालेली सूक्ष्म इजा. पाऊल जमिनीवर टेकते तेव्हा मांडीचा पुढचा स्नायू शरीराचा भार तोलत ताणला जातो, आणि ताणले जात असतानाच त्याला आकुंचनाचा जोरही लावावा लागतो. अशी क्रिया हजारो वेळा झाली की तंतू फाटतात. उतारावर हा मार अधिक बसतो. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातली अर्धमॅरेथॉन धावलेल्यांना दुसऱ्या दिवशी चढापेक्षा उताराचीच आठवण मांड्या करून देतात. दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स ही सुमारे ९० किलोमीटरची शर्यत एका वर्षी चढाच्या आणि दुसऱ्या वर्षी उताराच्या दिशेने होते. तिथेही पीटरमारिट्झबर्गहून डर्बनकडे उतरणारी दिशाच मांड्यांना अधिक जड जाते. या इजेमुळे क्रिएटिन कायनेज नावाचे विकर रक्तात येते आणि त्याची पातळी आठवडाभरही वाढलेली राहू शकते. त्यामुळे या दिवसांत दुसऱ्या कारणाने रक्त तपासले आणि अहवालात मोठे आकडे दिसले, तर घाबरण्यापूर्वी आपण नुकतेच मॅरेथॉन धावलो आहोत हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

इथे एक रूढ समज दूर करायला हवा. हे दुखणे पायात साठलेल्या लॅक्टिक ॲसिडमुळे होते असे अजूनही सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात रक्तातील लॅक्टेट धावणे थांबल्यावर तासाभरातच बहुतेक पूर्ववत होते, तर स्नायूंचे दुखणे २४ ते ७२ तासांच्या दरम्यान शिगेला पोहोचते. म्हणून ‘लॅक्टिक ॲसिड काढून टाकणाऱ्या’ मालिशीवर किंवा पेयावर पैसे खर्च करण्याचे कारण नाही.

चौथा भाग स्नायुबंध आणि हाडे यांचा. त्यांना रक्तपुरवठा कमी असतो, ती सावकाश भरतात आणि विशेष म्हणजे भरत असताना फारशी दुखत नाहीत. दहाव्या दिवशी मांड्या पूर्ण मोकळ्या वाटत असताना टाचेवरचा जाड स्नायुबंध किंवा नडगीचे हाड अजून कमकुवत असू शकते. बहुतेक दुखापती नेमक्या याच काळात होतात.

अंतिम रेषेनंतरचा पहिला तास

पहिली सूचना अगदी साधी आहे : रेषा ओलांडल्यावर थांबू नका. धावताना पोटऱ्यांचे स्नायू प्रत्येक पावलागणिक रक्त वर हृदयाकडे ढकलत असतात. एकदम उभे राहिलात की ते काम बंद पडते, रक्त पायांत साचते, रक्तदाब उतरतो आणि चक्कर येते. शेवटच्या रेषेपाशी कोसळणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचे कारण एवढेच असते. दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालत राहा. पदक, छायाचित्रे, नातेवाइकांना फोन हे सगळे चालता चालता होते. तरीही डोळ्यांपुढे अंधारी आली तर लाज न बाळगता तिथेच आडवे व्हा आणि कोणाला तरी पाय हृदयापेक्षा उंच धरायला सांगा. साध्या कारणाने आलेली चक्कर काही मिनिटांत ओसरते.

दुसरी सूचना पाण्याबद्दल आहे आणि ती नीट समजून घ्यावी. मुंबईच्या दमट हवेत चार-पाच तास धावल्यावर पाणी कमी पडण्याची भीती सगळ्यांना असते, परंतु गरजेपेक्षा जास्त साधे पाणी पिणे हाही तितकाच खरा धोका आहे. रक्तातील सोडियमचे प्रमाण त्यामुळे घसरते आणि गंभीर प्रसंगी मेंदूला सूज येते. सावकाश धावणाऱ्यांना हा धोका अधिक असतो, कारण ते रस्त्यावर जास्त वेळ असतात आणि प्रत्येक पाणपोईवर थांबतात. बोटे सुजणे, अंगठी घट्ट होणे, मळमळ, वाढत जाणारी डोकेदुखी आणि शर्यतीपूर्वीपेक्षा वाढलेले वजन ही त्याची चिन्हे आहेत. म्हणून तहानेप्रमाणे, थोडे थोडे प्यावे आणि सोबत मीठ पोटात जाईल असे पाहावे. ताक, मीठ घातलेले लिंबू सरबत किंवा कोकम सरबत यांसारखी उत्तम पेये आपल्या घरातच आहेत. ओआरएस घ्यायचे असेल तर पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात कालवावे. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे ना ते पाहावे, कारण तयार मिळणाऱ्या काही पेयांत साखरच जास्त असते. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ हे प्रमाण चालते. ज्यांना आकड्यांची आवड आहे त्यांनी आदल्या दिवशी आणि शर्यतीनंतर वजन करावे : घटलेल्या प्रत्येक किलोमागे सव्वा ते दीड लिटर द्रव पुढच्या काही तासांत, जेवणाखाण्यासोबत, सावकाश घ्यावे. उच्च रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ही प्रमाणे आधीच आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावीत.

तिसरी सूचना खाण्याची. पहिल्या तासात अन्नावरची वासना गेलेली असते, मळमळतही असते. तरी काहीतरी पोटात जायलाच हवे. क्रीडा-आहारशास्त्रात पहिल्या चार तासांसाठी शरीराच्या दर किलो वजनामागे तासाला एक ते सव्वा ग्रॅमच्या आसपास पिष्टमय पदार्थ सांगितले जातात. साठ किलोच्या माणसाला तासाला सुमारे ६० ते ७५ ग्रॅम झाले, म्हणजे दोन केळी आणि मूठभर खजूर. चार तास हे काटेकोर पाळण्याची गरज दोन दिवसांत पुन्हा शर्यत असणाऱ्यांना असते. ज्यांना पुढचे तीन आठवडे शर्यत नाही, त्यांनी दर तासा-दीड तासाने थोडे थोडे खात राहिले तरी पुरे. केळी, चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, गोड दही जे चालेल ते खावे. दही-भात डब्यात आणणारे मला सर्वांत शहाणे वाटतात : त्यात पिष्ट आहे, मीठ आहे, पाणी आहे, थोडी प्रथिने आहेत आणि तो गिळायला त्रास होत नाही.

त्याच तासात घामाने भिजलेले कपडे बदलावेत, बूट-मोजे काढून पाय पुसावेत आणि सपाता घालाव्यात. फोड आला असेल तर वरची कातडी सोलू नये. ती खालच्या कोवळ्या त्वचेचे रक्षण करते. फार टचटचीत भरला असेल तर निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढावे आणि वर स्वच्छ पट्टी लावावी. मधुमेह असेल तर हेही स्वतः करू नये. काळे पडलेले नख दुखत नसेल तर त्याला हात लावू नये, ते आपोआप सुटते.

ज्या लक्षणांना थकवा म्हणू नये

पुढील चिन्हे दिसली तर घरी जाऊन झोपू नका, मैदानावरच्या वैद्यकीय तंबूत किंवा रुग्णालयात जा. बोलण्यात गोंधळ, भलतेच वागणे किंवा शुद्ध हरपणे आणि अंग तापलेले असणे म्हणजे उष्माघात असू शकतो. तिथे रुग्णवाहिकेची वाट पाहत बसण्याऐवजी जागेवरच बर्फ आणि गार पाण्याने शरीर थंड करणे पहिले. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, आडवे पडूनही न शमणारी धडधड ही हृदयाची चिन्हे आहेत. सतत उलट्या, वाढती डोकेदुखी आणि गोंधळ असेल तर सोडियम कमी झाल्याची शंका घ्यावी आणि आणखी पाणी पाजू नये. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी गडद तपकिरी झाली, किंवा लघवीच होईनाशी झाली आणि मांड्या दगडासारख्या सुजल्या, तर स्नायूंतील द्रव्ये मूत्रपिंडांना इजा करत असण्याचा संभव असतो. अशा वेळी एक दिवसही थांबू नये.

याच कारणासाठी वेदनाशामक गोळ्यांबाबत मी कडक भूमिका घेतो. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक या गटातील गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. पाणी कमी झालेल्या आणि स्नायू फाटलेल्या शरीरात तेच मूत्रपिंड आधीच ताणाखाली असते. शर्यतीपूर्वी, शर्यतीत आणि नंतरचे निदान दोन दिवस त्या घेऊ नयेत. मॅरेथॉननंतरचे दुखणे सोसण्यासारखे असते. सोसवत नसेल तर ते दुखणे साधे नाही असे समजून ते दाखवायला हवे. औषधाच्या दुकानातून गोळी आणून गप्प करू नये.

पहिला दिवस आणि पहिली रात्र

दुपारी पूर्ण जेवण करावे. वरण-भात-तूप-लिंबू, सोबत उसळ किंवा अंडी, दही आणि एखादे फळ, एवढ्यात गरजेचे सारे येते. प्रथिनांचा हिशेब मात्र शाकाहाऱ्यांनी पुढचे दोन-तीन आठवडे जाणीवपूर्वक ठेवावा, कारण फाटलेले तंतू त्यांतूनच बांधले जातात. दिवसाला दर किलो वजनामागे सुमारे दीड ग्रॅम हे लक्ष्य धरले तर साठ किलोच्या व्यक्तीला ९० ग्रॅम लागतात. नुसत्या पोळी-भाजीवर ते होत नाही. दिवसभरात दोन पेले दूध, १०० ग्रॅम पनीर, दोन वाट्या मटकीची किंवा चवळीची उसळ, दोन वाट्या घट्ट वरण, वाटीभर दही, मूठभर शेंगदाणे आणि तीन-चार भाकऱ्या किंवा पोळ्या इतके झाले तर आकडा जवळजवळ गाठला जातो. हे एका जेवणात कोंबण्यापेक्षा तीन-चार वेळांत वाटावे. मासे किंवा अंडी खाणाऱ्यांचे काम सोपे आहे. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात. पदक मिळाले म्हणून त्या रात्री मद्यपान करण्याची पद्धत काही गटांत आहे. ती टाळावी, कारण मद्य झोप तोडते, लघवी वाढवते आणि स्नायूंची बांधणी मंदावते.

दुपारी अर्धा-पाऊण तास झोपावे, पण संध्याकाळपर्यंत लोळू नये. दर तासाला उठून घरातल्या घरात चालावे. बाहेरगावाहून आलेल्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. शर्यत संपल्यावर लगेच कोल्हापूर किंवा नागपूरकडे जाणाऱ्या गाडीत आठ-दहा तास पाय दुमडून बसणे धोक्याचे असते, कारण पाणी कमी झालेल्या शरीरात पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा संभव वाढतो. शक्य असल्यास एक रात्र मुक्काम करावा. नसेल तर गाडी थांबेल तिथे उतरून चालावे आणि बसल्या जागी घोटे फिरवत राहावे. एकाच पोटरीत सूज, ऊब आणि दुखणे आले तर ते स्नायूचे दुखणे समजू नये आणि लगेच तपासून घ्यावे.

पहिल्या रात्री झोप नीट लागत नाही. अंग तापल्यासारखे वाटते, कूस बदलली की मांड्या ओरडतात, डोळ्यांपुढे रस्ता दिसत राहतो. हे नैसर्गिक आहे. खरी झोप दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीपासून लागते आणि तीच सर्वांत मोठे औषध आहे. पुढचे दहा दिवस नेहमीपेक्षा तासभर लवकर अंथरुणाला पाठ टेकावी. पहाटे साडेचारचा गजर बंद करावा; त्या वेळी धावायचे नसताना जाग येऊ देण्यात काही लाभ नाही. शक्य त्यांनी सोमवारची रजा शर्यतीची नोंदणी करतानाच टाकून ठेवावी.

पहिला आठवडा : धावायचे नाही

सोमवारी आणि मंगळवारी जिना उतरणे हे सर्वांत कठीण काम होते. चढण्याचे तितके वाटत नाही. कठड्याला धरून, गरज पडल्यास पाठमोरे उतरावे. लोकलने जाणाऱ्यांनी पुलाच्या गर्दीतून सुटका होईल अशी वेळ निवडावी. घरात भारतीय पद्धतीचे शौचालय असेल तर धरायला काहीतरी आधार ठेवावा. या सूचना क्षुल्लक वाटतील, पण सैल पडलेल्या मांड्यांनी तोल जाऊन घोटा मुरगळणे ही अगदी खरी दुखापत आहे.

या आठवड्यात धावू नये. ‘हलके धावल्याने पाय लवकर मोकळे होतात’ असे अनुभवी मंडळीही सांगतात; परंतु मॅरेथॉननंतर पूर्ण विश्रांती घेणाऱ्यांच्या पायांची ताकद पहिल्या काही दिवसांत हलके धावणाऱ्यांपेक्षा लवकर परतल्याचे प्रयोगांत आढळले आहे. रक्ताभिसरणासाठी चालणे पुरेसे आहे. मंगळवारपासून रोज वीस मिनिटे, गुरुवारपासून अर्धा तास सपाट रस्त्यावर चालावे. दुखणे ओसरले की पोहणे किंवा हलकी सायकल चालते, मात्र श्वास फुलेल इतक्या जोराने नाही. पाच-सात दिवस न धावल्याने कमावलेली क्षमता जात नाही, याची खात्री बाळगावी.

बाकीच्या उपायांबद्दल थोडक्यात सांगायचे तर, १० ते १५ अंश सेल्सियसच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे पाय बुडवल्याने दुखणे थोडे कमी जाणवते. स्नायू त्याने लवकर भरतात असे नाही. मालीश पहिल्या दिवशी नको. तिसऱ्या दिवसानंतर हलक्या हाताने चालेल, कोपराने रगडून मुळीच नाही. ताण देण्याच्या व्यायामांनी हे दुखणे घटत नाही आणि फाटलेला स्नायू जोराने ताणल्यास उलट वाढते. घट्ट मोजे ज्यांना बरे वाटतात त्यांनी घालावेत. या सगळ्यांची एकत्रित किंमत जेवण आणि झोप यांच्या पासंगालाही पुरत नाही.

या आठवड्यात सर्दी-खोकल्याला जपावे. १९८७ च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉननंतर केलेल्या पाहणीत, धावलेल्यांपैकी सुमारे १३ टक्क्यांनी पुढच्या आठवड्यात आजारपणाची तक्रार केली, तर तसाच सराव करूनही शर्यत न धावलेल्यांत हे प्रमाण सुमारे २ टक्के होते. प्रतिकारशक्ती खरोखरच इतकी घटते का, याबद्दल पुढे शास्त्रज्ञांत मतभेद झाले. गर्दी, प्रवास आणि अपुरी झोप हीही कारणे असू शकतात. कारण कोणतेही असो, हात धुणे, गर्दीच्या समारंभांना न जाणे आणि पोटभर खाणे हे आपल्या हाती असते. ताप आला तर तो पूर्ण उतरेपर्यंत व्यायाम थांबवावा. ताप असताना धावणे हृदयाला घातक ठरू शकते.

मनाचीही एक उतरण असते. चार-सहा महिने ज्या तारखेभोवती दिवस आखले ती तारीख सरल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच उदास, रिकामे वाटते आणि ते घालवण्यासाठी हात लगेच पुढच्या नोंदणीकडे वळतो. निदान दोन आठवडे कोणतीही नोंदणी करू नये. सरावामुळे ज्यांना वेळ देता आला नाही अशा घरच्या माणसांसोबत तो वेळ घालवावा.

दुसऱ्या आठवड्यापासून परतीचा क्रम

न्यूझीलंडचे जॅक फॉस्टर वयाच्या ४१ व्या वर्षी, १९७४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत २ तास ११ मिनिटे १९ सेकंदांत मॅरेथॉन धावून रौप्यपदक मिळवणारे धावपटू. शर्यतीच्या प्रत्येक मैलामागे एक दिवस जोराचा सराव करायचा नाही, असा त्यांचा नियम सांगितला जातो. मॅरेथॉन २६ मैलांची, म्हणून २६ दिवस. हा नियम प्रयोगशाळेतून आलेला नसला तरी स्नायू आणि स्नायुबंध यांना लागणाऱ्या काळाशी चांगला जुळतो, आणि नवख्याला लक्षात ठेवायला सोपा आहे. त्या दिवसांत धावण्याला बंदी नाही. वेग, चढ आणि लांब अंतर यांना बंदी आहे.

दुसऱ्या आठवड्यात एक दिवसाआड तीन वेळा धावावे : प्रथम वीस, मग पंचवीस, मग तीस मिनिटे, शक्यतो मातीच्या मैदानावर. वेग असा असावा की सोबत्याशी पूर्ण वाक्यांत बोलता येईल. घड्याळ घरी ठेवले तर उत्तम, कारण नेहमीच्या वेगाशी तुलना करण्याचा मोह त्यानेच होतो. तिसऱ्या आठवड्यात चार वेळा धावावे आणि एकूण अंतर सरावाच्या ऐन भरातल्या अंतराच्या निम्म्यावर जाऊ देऊ नये. चौथ्या आठवड्यात ते दोन-तृतीयांशापर्यंत वाढवावे. शेवटी एक-दोन वेळा वीस सेकंदांचे चार-सहा सुटसुटीत जलद तुकडे घेता येतील. स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम तिसऱ्या आठवड्यात वजनाविना सुरू करावेत. टेकडी, घाट आणि वेगाचा सराव पाचव्या आठवड्यात. अर्धमॅरेथॉन सहा आठवड्यांच्या आत नको आणि दुसरी पूर्ण मॅरेथॉन चार महिन्यांच्या आत नको, असे माझे स्पष्ट मत आहे. महिन्याला एक शर्यत धावणारे लोक आपल्याला दिसतात, पण त्यामागची वर्षांची तयारी आपल्याला दिसत नाही.

पुढे जायचे की थांबायचे हे ठरवण्यासाठी रोज सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी एक मिनिट नाडी मोजावी. शर्यतीपूर्वीच्या दोन आठवड्यांची सरासरी लिहून ठेवलेली असेल तर तुलना सोपी जाते. नाडी नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी जास्त असेल आणि ती दोन-तीन दिवस तशीच राहिली, तर त्या दिवसांचे धावणे रद्द करून चालावे. नाडीइतकेच महत्त्व झोप, भूक आणि धावण्याची इच्छा यांना द्यावे. या तिन्हींपैकी दोन बिघडल्या असतील तर क्रमातला आठवडा पुन्हा करावा. एका विशिष्ट जागी बोट ठेवून दाखवता येईल असे हाडावरचे दुखणे, किंवा धावताना वाढत जाणारे दुखणे असेल तर धावणे थांबवून अस्थितज्ज्ञाला दाखवावे. दोन्ही पायांत सारखे असणारे, हालचालीने सैल होणारे दुखणे चिंतेचे नसते.

थकवा रेंगाळला तर

चार आठवडे वरीलप्रमाणे काढूनही जिना चढताना दम लागतो, झोपून उठल्यावर ताजेतवाने वाटत नाही, चिडचिड होते, पूर्वीचा सोपा वेग जड जातो, असे असेल तर आणखी जोर लावू नये. आधी ताटाकडे पाहावे. वजन कमी करण्यासाठी धावू लागलेले अनेक जण शर्यतीनंतरही मोजून-मापून खातात, आणि खर्चाच्या मानाने अन्न कमी पडत राहिले की शरीर संप्रेरके, हाडे आणि प्रतिकारशक्ती यांच्यावरचा खर्च कापू लागते. स्त्रियांमध्ये पाळी लांबणे किंवा बंद होणे ही त्याची ठळक खूण आहे. ती ‘सरावामुळे होतेच’ म्हणून सोडून देऊ नये; स्त्रीरोगतज्ज्ञांना सरावाची पूर्ण माहिती देऊन दाखवावे.

त्यानंतर रक्त तपासावे. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा, ब-१२ आणि ड जीवनसत्त्व, थायरॉइड आणि साखर इतक्या तपासण्या फॅमिली डॉक्टरांच्या सल्ल्याने कराव्यात. पावले आपटून तुटणाऱ्या तांबड्या पेशी, घाम आणि आतड्यांतून होणारा सूक्ष्म रक्तस्राव यांमुळे लांब पल्ल्याच्या धावपटूंचे लोह घटते. शाकाहारी आहार आणि पाळी असलेल्या स्त्रियांत ते अधिक घटते. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन खाली असू शकते, म्हणून एकट्या हिमोग्लोबिनच्या आकड्यावर समाधान मानू नये. फेरिटिनची तपासणी मात्र शर्यतीनंतरच्या पहिल्या आठवड्यात करू नये, कारण अंगातील दाहामुळे तो आकडा खोटा वाढलेला दिसतो. तीन-चार आठवड्यांनी केलेली तपासणी भरवशाची असते.

लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या तरच घ्याव्यात, कारण गरज नसताना साठणारे लोह यकृताला अपाय करते. गोळी चहा-कॉफीसोबत घेऊ नये, लिंबू सरबतासोबत घ्यावी आणि जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकलावा. साठा भरायला दोन-तीन महिने लागतात. त्या काळात आठवड्याला तीन-चार वेळा अर्धा-पाऊण तास सहज धावणे चालू ठेवता येते. फेब्रुवारीच्या मध्यापासून ऊन चढू लागते, म्हणून ते सकाळी सातच्या आत उरकावे. तीन महिन्यांनी फेरिटिन पुन्हा तपासावे आणि पुढच्या मॅरेथॉनचे शुल्क तो अहवाल हाती आल्यावरच भरावे.